माठ फुटला की फोडला?



आजचा विषय व्याकरणाचा आहे, पण सुरुवात एका माठापासून करते.

मार्च महिना होता. आमच्या धसईच्या बाजूला मार्चमध्येच ऊन चटके द्यायला लागतं, म्हणून वर्गाच्या कोपऱ्यात तिवईवर पाण्याचा माठ ठेवला होता. मधली सुट्टी संपली आणि चौथीतला एक मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "बाई, माठ फुटला."

मी वह्या तपासत होते. मान वर न करताच म्हटलं, "फुटला? आपोआप फुटला? कोणी फोडला ते सांग."

तो गप्प. मी पुन्हा विचारलं. तरी गप्प. मग मी जे करतो ते आपण सगळेच करतो, सगळ्या वर्गाला उभं केलं आणि "खरं बोलायला काय होतं" यावर पाच मिनिटं भाषण दिलं. दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याची बहीण दुसरीत होती. तिला बाजूला घेऊन विचारलं, तर ती म्हणाली, "बाई, त्यानं नाय फोडला. त्याच्या हातून फुटला."

गंमत पुढेच आहे. नवा माठ आणला आणि खर्चाच्या वहीत मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं : "माठ फुटल्यामुळे नवीन माठ खरेदी करण्यात आला." म्हणजे मुलाने "फुटला" म्हटलं तर ती लपवाछपवी, आणि मी "फुटल्यामुळे" लिहिलं तर तो व्यवस्थित शेरा! शिवाय "खरेदी करण्यात आला". कोणी केला? मीच केला, माझ्या पर्समधून केला. पण वाक्यात मी कुठेच नाही.

त्या दिवसापासून मी प्रयोग हा घटक वेगळ्या तऱ्हेने शिकवते. तेच आज तुमच्यापुढे मांडायचं आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर भांडा.

आपण प्रयोग कसे शिकवतो? कर्त्याप्रमाणे क्रियापद बदललं की कर्तरी, कर्माप्रमाणे बदललं की कर्मणी, कशाहीप्रमाणे बदललं नाही की भावे. मग दहा वाक्यं फळ्यावर, ओळखा पाहू. भावे प्रयोग सगळ्यात शेवटी येतो आणि बहुतेक वेळा घाईत उरकला जातो. (बघा, "उरकला जातो". मीही सुटले नाही यातून.) स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत तर त्याचं नुसतं सूत्र झालंय. कर्त्याला "ने", कर्माला "ला", क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी, चला पुढे.

माझं म्हणणं असं, की ज्या वाक्यांत करणारा दिसत नाही किंवा करणाऱ्याला महत्त्व नाही, ती वाक्यं मूल शाळेत यायच्या कितीतरी आधी घरून शिकून आलेलं असतं. उजाडलं. सांजावलं. गडगडतंय. मळमळतंय. यांना व्याकरणात भावकर्तरी किंवा अकर्तृक म्हणतात. कोण उजाडलं? असा प्रश्नच नाही. इंग्रजीला अशा ठिकाणी एक "इट" आणून बसवावा लागतो, त्या "इट"ला काही अर्थ नसतो, नुसती जागा भरायची. मराठीला त्याची गरज पडत नाही. आपल्या भागातलं पोर घरी "मला" म्हणो की "मना", "भूक लागली" हे त्याने कधीच चुकवलेलं नसतं. मग आपण वर्गात त्याला सांगतो की हा अवघड भाग आहे!

आता "भूक लागली" घ्या, किंवा "मला आंबा आवडतो" घ्या. यात कर्ता कोण? उत्तरसूची म्हणते आंबा. आवडणारा कोण, तर आंबा. "मला थंडी वाजते" यात वाजणारी कोण, तर थंडी. क्रियापदाच्या बाजूने हे बरोबरच आहे. "मला आंबे आवडतात", "मला कैरी आवडते", क्रियापद फळाच्या मागे धावतं, माझ्या नाही. पण पोरांना विचारा. निम्मा वर्ग म्हणेल, "बाई, कर्ता मी." आणि आपण लाल पेनने काट मारतो.

ती काट मारण्याआधी एक वाक्य करून बघा : "तिला आपलं गाव आठवलं." इथे "आपलं" म्हणजे कोणाचं? तिचं. आता साधं कर्तरी वाक्य घ्या : "ती आपल्या गावाला गेली." इथेही "आपल्या" म्हणजे तिच्या. "आईने मुलीला आपली साडी दिली." साडी आईची, मुलीची नव्हे. म्हणजे "आपला" हे आत्मवाचक सर्वनाम वाक्यातल्या मुख्य माणसाकडे बोट दाखवतं. आणि "तिला आपलं गाव आठवलं" यात ते बोट "तिला"कडे वळलंय, उत्तरसूचीतल्या कर्त्याकडे, म्हणजे "गाव"कडे नाही. पोरगं "कर्ता मी" म्हणतं तेव्हा ते अगदीच वेडं बोलत नसतं. त्याच्या कानाला भाषेतली एक खरी गोष्ट ऐकू आलेली असते. परीक्षेत "आंबा" लिही असं त्याला जरूर सांगा, मार्क बुडवायचे नाहीत. पण तुझंही कारण आहे, एवढं म्हणायला काय हरकत?

मोठमोठ्या व्याकरणकारांचंही प्रयोगांवर एकमत नव्हतं. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ सालचं, मोरो केशव दामल्यांचं "शास्त्रीय मराठी व्याकरण" १९११चं, आणि १९८७ साली कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी जे पुस्तक लिहिलं त्याचं नावच "मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद". जिथे विद्वान दीडशे वर्षं वाद घालतात तिथे आपण चौथी-आठवीच्या मुलांना एका शब्दात गप्प करतो.

मध्यंतरी कल्याणहून माझी भाची सुट्टीला आली होती. ती स्पॅनिश शिकते. तिच्या पुस्तकात एका धड्याला खास सूचना होती की हा भाग इंग्रजी बोलणाऱ्यांना जड जातो. तो भाग काय? "मे गुस्ता एल काफे" म्हणजे मला कॉफी आवडते. "मे गुस्तान लोस लिब्रोस" म्हणजे मला पुस्तकं आवडतात. कॉफी एक म्हणून "गुस्ता", पुस्तकं अनेक म्हणून "गुस्तान". ती म्हणाली, "मावशी, यात जड काय आहे? हे तर आपलंच!"

मग मीच तिचं पुस्तक घेऊन बसले. स्पॅनिशमध्ये "से" म्हणून एक छोटा शब्द आहे. मूळ काम "स्वतःला" असं सांगायचं. "से लाबा" म्हणजे तो स्वतःचं अंग धुतो. पण तोच "से" भलत्याच कामांना जुंपलाय. घराबाहेर पाटी असते "से बेन्दे". शब्दशः बघितलं तर "स्वतःला विकतं", पण अर्थ "विकणे आहे". आपल्या मुरबाड रस्त्याला "प्लॉट विकणे आहे" अशा पाट्या हव्या तेवढ्या आहेत, कोण विकतोय ते फोन केल्यावरच कळतं. आणि ग्लास फुटला तर स्पॅनिश माणूस म्हणतो, "से मे रोम्पियो एल बासो". ग्लास फुटला, आणि मध्ये तो इवलासा "मे", म्हणजे मला, माझ्याबाबतीत. माझ्या हातून ग्लास फुटला! ते वाचलं आणि मला ती दुसरीतली पोरगी आठवली.

मराठीत असा एकच "से" नाही. आपल्याकडे हे काम तीन-चार जणांत वाटलेलं आहे, आणि मला तर ती वाटणी फार आवडते. एक म्हणजे "आपण" आणि "स्वतः". दुसरं "घेणे". केस विंचरून घे, जेवून घे, अंग पुसून घे. जे स्वतःसाठी ते "घे", दुसऱ्यासाठी ते "दे" : बाळाचे केस विंचरून दे. हा नियम कोणत्या आईने मुलाला शिकवला? आणि कोणतं मूल "बाळाचे केस विंचरून घे" आणि "विंचरून दे" यातला फरक ओळखत नाही? "मी आपला गप्प बसलो" यातला "आपला" तर काय काम करतो ते सांगताच येत नाही, पण काढून टाका, बसण्यातला सगळा नाइलाज निघून जातो.

तिसरं म्हणजे क्रियापदांच्या जोड्या. हा भाग मी वर्गात दोन दिवस घेते, कारण मुलं यात रमतात. फुटणे-फोडणे. तुटणे-तोडणे. सुटणे-सोडणे. फाटणे-फाडणे. पडणे-पाडणे. जळणे-जाळणे. गळणे-गाळणे. मरणे-मारणे. फळ्यावर दोन रकाने करा आणि मुलांनाच भरू द्या. कोणीतरी हमखास ओळखतं की पहिल्या चार जोड्यांत "ट"चा "ड" होतो आणि उरलेल्यांत "अ"चा "आ". आमच्याकडे एका मुलीने ओळखलं होतं, मला तोवर ते दिसलंच नव्हतं. मग एखादा विचारतो, "बाई, मोडणे?" मोडणे दोन्हीकडे चालतं. खुर्ची मोडली, त्याने खुर्ची मोडली. दार उघडलं, तिने दार उघडलं. पुस्तकात याला उभयविध म्हणतात. आधी खेळ होऊ द्या, नाव नंतर सांगा.

आणि मग माझी तीन वाक्यं येतात.

माठ फुटला.
माझ्या हातून माठ फुटला.
मी माठ फोडला.

उत्तरसूचीप्रमाणे पहिल्या दोन्ही वाक्यांत कर्ता माठच आहे, दोन्ही कर्तरी. म्हणजे त्या दिवशी मुलगा व्याकरणाने बिनचूक बोलला होता. तिसरं कर्मणी. पण मुलांना मी प्रयोग विचारत नाही. मी विचारते, कोण कधी काय म्हणेल? गुरुजींनी नुसतं विचारलं "पाणी का नाही?" तर काय म्हणाल? तुमचा धक्का लागला असेल तर काय म्हणाल? रागाने आपटला असेल तर? पोरं बरोबर सांगतात. तिसरं वाक्य कबुलीचं आहे, त्यात हेतूही येतो. मधलं वाक्य सांगतं की हात माझा होता, मन नव्हतं.

आपण मोठी माणसं त्या मधल्या वाक्याला जागाच देत नाही. "फुटला" म्हटलं की आपण म्हणतो खोटारडा. "फोडला" म्हण, असा हट्ट धरतो. ज्याने फोडलेलाच नाही त्याला "मी फोडला" म्हणायला लावणं हेही खोटं बोलायला लावणंच नाही का? ज्या पोराला ते म्हणवत नाही ते गप्प बसतं, किंवा दोन दिवस शाळेला येत नाही. पालकहो, घरी दूध सांडलं, मोबाईल पडला, तर एवढं करून बघा. "कोणी पाडला?" ऐवजी "कोणाच्या हातून पडला?" असं विचारा. उत्तर लवकर येतं, असा माझा अनुभव आहे.

काही मंडळी म्हणतील, अशाने मुलांना पळवाट मिळेल, प्रत्येक गोष्ट "हातून झाली". मिळेल थोडी. पण पळवाटेचं शिक्षण मुलं आपल्याकडून वेगळ्याच ठिकाणी घेतात, त्याकडे येते.

"सर्व पालकांना कळविण्यात येते की..." "योग्य ती कारवाई करण्यात येईल." "सदर काम मंजूर करण्यात आले आहे." हे आपलं लिखाण. यातही करणारा गायब आहे, पण "उजाडलं" मधल्यासारखा नाही. तिथे करणारा नव्हताच. इथे तो आहे, त्याला पडद्यामागे ठेवलाय. आपल्याच तालुक्यांचं उदाहरण घ्या. भूगोलाच्या तासाला आपण सांगतो की शहापूर तालुक्यातल्या तानसा, भातसा धरणांतून मुंबईला पाणी "पुरवलं जातं". तानसा तर १८९२ पासून. उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकरने पाणी "पुरवलं जातं". दोन्ही वाक्यं एकसारखी, दोन्हींत करणारा नाही. मी आठवीच्या मुलांना एकदा सांगितलं की या दोन वाक्यांत "कोण" घाला आणि "कोणाला किती" घाला. अर्धा तास वर्ग शांत बसला नव्हता. व्याकरणाच्या तासाला भांडणं मी पहिल्यांदाच पाहिली.

डिसेंबर २०१६ मध्ये आपलं धसई पेपरात आलं, राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून. "धसई कॅशलेस झाली." झाली म्हणजे? दुकानदारांना कार्डाची मशीनं मिळाली. (मिळाली, पुन्हा तेच!) त्या बातमीत "झाली"च्या जागी "केली" घालून बघा, कोणी केली ते लिहावंच लागतं. हा सराव एका कात्रणावर दहा मिनिटांत होतो. तो प्रयोगाचा सराव आहे आणि वाचनाचाही. नोटीस वाचताना "कोण?" विचारण्याची सवय लागलेलं मूल पुढे ग्रामसभेतही विचारेल.

बरं, सगळा अकर्तृक कारभार वाईट असं मला म्हणायचं नाही. "रस्त्याने डावीकडून चालावे", "येथे थुंकू नये" यांत कोणाचं नाव नाही म्हणूनच ते सगळ्यांना लागू होतं. आणि काही वेळा करणाऱ्याला न शोधणं हाच समजूतदारपणा असतो. घरात माणूस गेलं की आपण "गेलं" म्हणतो, तेवढंच म्हणतो.

वर्गातली आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, ती शिक्षकांसाठी. मूल लिहीत नाही. का? ते काय म्हणतं ते नीट ऐका. "लिहिता येत नाही" म्हणजे शिकलेलं नाही, तिथे शिकवायचं. "लिहवत नाही" म्हणजे येतं, पण आत्ता होत नाही. हात दुखत असेल, ताप असेल, पोटात काही नसेल. हे शक्य क्रियापद, चालवत नाही, बघवत नाही, तसलं. "लिहावंसं वाटत नाही" म्हणजे मन नाही. "जमत नाही" म्हणजे करून बघितलं आणि फसलं. चारही वाक्यांत मूल "मला"ने सुरुवात करतं, करणारा म्हणून उभं राहत नाही, आणि चारही वाक्यांना आपण एकच उत्तर देतो : "आळशी आहेस." भाषेने त्याला चार दारं दिली आहेत, आपल्याकडे कुलूप एकच. लावणीच्या दिवसांत आईबापासोबत सकाळपासून चिखलात उभं राहून आलेलं पोर "लिहवत नाही" म्हणतं ते ऐकायला शिका.

आता शेवटची जोडी. वरच्या रकान्यातली सुटणे-सोडणे आठवा.

आमच्या भागातली बरीच कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलं बरोबर जातात. जनरल रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे आपण जो रकाना भरतो त्याचं नाव आहे "शाळा सोडण्याचे कारण". दाखल्याचं नावही "शाळा सोडल्याचा दाखला". म्हणजे सोडणारं मूल. कर्ता ठरलेला, छापलेला.

मागच्या जूनमध्ये एक मुलगी भट्टीवरून परत आली. सहावीत नाव होतं, आता सातवीच्या बाकावर बसायचं की नाही या विचाराने दाराशीच घुटमळत होती. मी विचारलं, "का गं, शाळा का सोडलीस?"

ती म्हणाली, "सोडली नाय बाई. सुटली."

मी तिला आत बोलावलं आणि रजिस्टर काढलं. रकान्याचं नाव मला बदलता येत नाही. कारणाच्या जागी मी आधी "स्थलांतर" असा एकच शब्द लिहिला होता. त्याच्यापुढे मी लिहिलं : "आईवडील कामासाठी वीटभट्टीवर गेल्याने शाळा सुटली. पुन्हा आली."